उलट रंगांचा डाव

घरीं बुद्धिबळाचा पट मांडला म्हणजे पांढरीं मोहरीं कोणाचीं आणि काळीं कोणाचीं, हा प्रश्न सुटावयास क्षणभरही लागत नाहीं. एकानें दोन मुठींत दोन रंगांचीं प्यादीं लपवावीं, दुसऱ्यानें एका मुठीवर बोट ठेवावें, कीं काम झालें. तेथें चूक होण्यास जागाच नसते. आणि झालीच तर "चल, पुन्हां मांडूं" एवढ्या बोलण्यानें ती मिटते. परंतु आतां आपल्या घरांतील मुलें स्पर्धांतून खेळूं लागलीं आहेत, आणि तेथें मुठींचा कारभार चालत नाहीं. कोणत्या फेरींत कोणीं कोणाशीं, कोणत्या टेबलावर आणि कोणत्या रंगानें खेळावयाचें, हें सर्व आधीं ठरून भिंतीवरील तक्त्यावर लागलेलें असतें. अशा ठिकाणीं रंगांची अदलाबदल झाली तर काय करावें, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नानें गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं मोठा वाद माजविला. तो वाद आम्हांस केवळ खेळापुरता वाटला नाहीं, म्हणून आज तो आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्यास घेऊन आम्ही पुण्यास मुलांच्या एका स्पर्धेस गेलों होतों. चार दिवस आणि आठ फेऱ्या, असा तो कार्यक्रम होता. एका शाळेच्या वरच्या मजल्यावरील सभागृहांत टेबलांच्या लांबच लांब रांगा लावलेल्या होत्या. पालकांस आंत मज्जाव असल्यामुळें आम्ही इतर मंडळींसह जिन्याजवळच्या व्हरांड्यांत डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळीत बसत असूं. यास्तव पुढील हकीकत भाच्याच्या तोंडून व त्याच्या नोंदपत्रकावरून आम्हांस जशी कळली तशीच देतों.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं पांचवी फेरी होती. आदल्या फेरींत भाच्यानें काळीं मोहरीं घेतलीं होतीं. या फेरींत तक्त्याप्रमाणें त्यास पांढरीं होतीं. आमच्याच दिरंगाईमुळें त्यास पोंचावयास उशीर झाला. त्यानें तक्त्यासमोर उभें राहून घाईघाईनें दोघांचीं नांवें आपल्या नोंदपत्रकावर उतरून घेतलीं आणि तो आंत धांवला. इतर सर्व रांगांतून पांढरीं मोहरीं खिडकीच्या बाजूस मांडलेलीं होतीं. त्या एका रांगेंत मात्र तीं भिंतीच्या बाजूस मांडलीं गेलीं होतीं. प्रतिस्पर्धी मुलगा तक्त्यांत 'काळा' असें वाचून, दोन दिवसांच्या संवयीनें काळ्यांची म्हणून भिंतीकडची खुर्ची धरून बसला. समोर पांढरीं मोहरीं दिसलीं तेव्हां तक्ताच आपण चुकीचा वाचला असावा, अशी त्यानें मनाची समजूत करून घेतली. आमच्या भाच्यास रिकामी दिसली ती एकच खुर्ची. तींत तो बसला. दोघांनीं हात मिळविले, घड्याळ सुरू झालें आणि डाव लागला.

प्रतिस्पर्ध्यानें राजापुढचें प्यादें दोन घरें सारलें, भाच्यानें त्यास सिसिलियन बचावानें उत्तर दिलें. आठव्या खेळीस प्रतिस्पर्ध्याच्या हातून चूक झाली. त्याचा एक घोडा बिनजोर राहिला. भाच्याच्या उंटानें तो फुकट मारतां येत होता. ती खेळी नोंदपत्रकावर लिहून घेत असतां भाच्याचें लक्ष वरच्या ओळीकडे गेलें. पांढऱ्याच्या रकान्यावर त्याचें स्वतःचें नांव होतें, आणि त्याखालीं सर्व खेळ्या मात्र समोरच्या मुलाच्या होत्या.

त्यानें उंटास हात लावला नाहीं. घड्याळ थांबविलें आणि पंचांस बोलावण्यासाठीं हात वर केला. पंचांनीं तक्ता पाहिला, दोघांचीं नोंदपत्रकें पाहिलीं, "मांडणींतली चूक आमची," असें सरळ सांगितलें, आणि तो डाव रद्द करून योग्य रंगांनीं नवा डाव सुरू करून दिला. त्या नव्या डावांत आमचा भाचा हरला.

संध्याकाळीं घरीं आल्यावर ही हकीकत ऐकून बहिणीचा जीव हळहळला. "दादा," ती आम्हांस म्हणाली, "यानें आणखी तीन खेळ्या दम धरला असता तर डाव तसाच पुढें चालला असता, नाहीं कां? नियमच तसा आहे म्हणतात. आणि वर एक घोडा हातीं आला असता!" आमचे मेहुणे म्हणाले, "मोहरीं उलट मांडलीं त्यांनीं, आणि भोगलें आमच्या पोरानें. हा कुठला न्याय?" भाचा खालीं मान घालून जेवत होता. आमच्या मातोश्री तेवढ्या शांत होत्या. त्यांनीं नातवास एकच विचारलें, "बाळ, घोडा मारतां येतो हें तुला आधीं दिसलें, कीं कागदावरची चूक आधीं दिसली?"

"घोडा आधीं, आजी."

"मग ठीक आहे," असें म्हणून त्यांनीं त्याच्या पानांत भात वाढला.

खरें सांगावयाचें तर व्हरांड्यांत ही हकीकत प्रथम ऐकली तेव्हां आमच्याही मनांत बहिणीचाच प्रश्न आला होता. म्हणून नियम काय आहे व तो तसा कां आहे, याचा विचार करणें आम्हांस प्राप्त झालें.

बुद्धिबळाचे जागतिक नियम 'फिडे' ही संस्था ठरविते. त्यांतील सातव्या कलमांत चुकांची व्यवस्था सांगितलेली आहे. उलट रंगांविषयींचा आजचा नियम असा आहे: दोन्ही खेळाडूंच्या दहा खेळ्या पुऱ्या होण्यापूर्वीं चूक लक्षांत आली, तर तो डाव थांबवून योग्य रंगांनीं नवा डाव खेळवावा, दहा किंवा अधिक खेळ्या झाल्या असल्या तर डाव तसाच पुढें चालवावा. चूक कोणाच्या लक्षांत आली, डाव कोणाच्या बाजूनें झुकला होता, यांपैकीं कशाचाही त्या वाक्यांत विचार नाहीं. पंचानें मोजावयाच्या त्या खेळ्या, मोहऱ्यांचें बलाबल नव्हे.

हा नियम फार जुना आहे असें मात्र नाहीं. २०१४ सालच्या नियमांप्रमाणें, उलट रंगांनीं सुरू झालेला डाव तसाच चालवावयाचा, पंचानें निराळा निर्णय दिला तरच थांबवावयाचा, अशी रीत होती. म्हणजे सर्व भार पंचाच्या मनावर होता. एका गांवीं एक पंच पांचव्या खेळीस डाव मोडी, तर दुसऱ्या गांवीं दुसरा पंच तिसऱ्याच खेळीस 'चालूं द्या' म्हणे. १ जुलै २०१७ पासून दहा खेळ्यांची रेषा आंखली गेली, आणि पंचास व खेळाडूंस एकच उत्तर आधींपासून ठाऊक झालें. रेषा आठांवर आंखावी कीं बारांवर, यावर वाद घालतां येईल. परंतु ती कोठें तरी आंखलेली असणें हेंच हिताचें आहे, यावर वाद होऊं नये.

दहाच खेळ्या कां, याचें उत्तर आमच्या समजुतीप्रमाणें असें आहे. पहिल्या कांहीं खेळ्या बहुधा पाठांतराच्या असतात. प्यादीं पुढें येतात, घोडे व उंट बाहेर पडतात, राजाचा किल्लेकोट होतो. तोंवर डाव मोडला तर दोघांचीही फारशी मेहनत वायां जात नाहीं. पुढें मात्र प्रत्येक खेळींत खेळाडूची स्वतःची बुद्धि व वेळ खर्ची पडूं लागते. दोन तास झुंजून मिळविलेलें वर्चस्व, प्रारंभींची एक चूक आतां उघडकीस आली म्हणून पुसून टाकणें, हा त्या चुकीहून मोठा अन्याय होय. लौकर सांपडलेली चूक सुधारावी. उशिरा सांपडलेली पदरांत घेऊन पुढें चालावें. संसारांतही शहाणीं माणसें याहून निराळें करीत नाहींत. शिवणांत टांका चुकला तर चार टांक्यांवर उसवितां येतो. कपडा अंगावर चढल्यावर उसवीत बसण्यांत अर्थ नसतो.

याच कलमांतील दुसऱ्या दोन चुका शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे नियमकर्त्यांचा हेतु अधिक उघड होतो. पट मांडतांना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताचें कोपऱ्यांतील घर पांढरें असावें लागतें. पटच आडवा ठेवला गेला असेल, तर डाव मोडीत नाहींत. जशी स्थिति असेल तशी ती नीट ठेवलेल्या पटावर उतरून घेऊन खेळ पुढें चालवितात, कारण दोघांवर त्याचा परिणाम सारखाच झालेला असतो. परंतु आरंभींचीं मोहरींच चुकीच्या घरांत मांडलीं गेलीं असलीं, उदाहरणार्थ घोडा व उंट यांची अदलाबदल झाली असली, तर पूर्ण वेळेच्या स्पर्धेंत तें चालू डावांत केव्हांही लक्षांत आलें तरी तो डाव रद्द होऊन नवा मांडला जातो. कारण जें खेळलें गेलें तें खरें बुद्धिबळच नव्हतें. उलट रंगांचा डाव या दोहोंच्या मधला आहे. तो खरें बुद्धिबळ असतो, पण ज्यास जें मिळावयाचें होतें तें मिळालेलें नसतें. म्हणून त्याचा उपायही मधलाच योजिला आहे.

कोणी म्हणेल, रंगानें असें काय मोठें बिघडतें? बिघडतें. पहिली खेळी पांढऱ्याची असते, आणि त्या एका खेळीचें मोल मोठ्या खेळाडूंच्या हजारों डावांतून दिसून आलें आहे. शंभर डावांच्या शंभर गुणांपैकीं पांढऱ्याच्या वांट्यास सुमारें चौपन्न-पंचावन्न गुण येतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पांढऱ्यानेंच प्रथम खेळावें असा पक्का दंडक नव्हता. काळ्यानें डाव सुरू केल्याचीं उदाहरणें तेव्हां पुष्कळ घडत. १८८० सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या परिषदेच्या नियमांत, पहिल्या खेळीचा मान चिठ्ठीनें ठरवावा व तो ज्यास मिळेल त्यानें पांढरीं मोहरीं घ्यावीं, असें घातलें गेलें. तेव्हांपासून रंग व पहिल्या खेळीचा मान यांची सांगड पक्की होत गेली, आणि रंगांची वांटणी हा न्यायाचा प्रश्न होऊन बसला.

हा न्याय किती बारकाईनें पाळतात हें २०१३ सालच्या चेन्नई येथील जगज्जेतेपदाच्या सामन्यांत आपल्या सर्वांस दिसलें. विश्वनाथन आनंद व माग्नुस कार्लसन यांच्यांत बारा डाव व्हावयाचे होते. एकाआड एक रंग दिले असते तर प्रत्येक जोडींत पांढरीं मोहरीं प्रथम कार्लसनलाच मिळत गेलीं असतीं. तेवढाही फरक राहूं नये म्हणून सहाव्या डावानंतर क्रम उलटविला गेला, आणि सहावा व सातवा असे दोन्ही डाव आनंद लागोपाठ पांढऱ्या मोहऱ्यांनीं खेळला.

मुलांच्या स्पर्धा बहुधा 'स्विस' पद्धतीनें होतात. तींत सारख्या गुणांच्या खेळाडूंची गांठ घालतात, आणि त्याच वेळीं रंगांचाही जमाखर्च ठेवतात. सामान्यतः कोणासही एकच रंग लागोपाठ तीन वेळां देत नाहींत, आणि पांढऱ्या व काळ्या डावांच्या संख्येंत दोहोंपेक्षां अधिक अंतर पडूं देत नाहींत. म्हणजे पांचव्या फेरींत एका टेबलावर रंग उलटले, तर त्याचा धक्का त्या दोन मुलांपुरताच राहत नाहीं. सहाव्या फेरीचे रंग त्यावर अवलंबून असतात. प्रसंगीं कोणाची गांठ कोणाशीं पडावी हेंही त्यानें बदलतें. आमचा भाचा गप्प राहिला असता, तर त्याच्या नांवावर लागोपाठ दोन काळे डाव पडले असते, आणि पुढच्या फेरींत त्यास पांढरीं देण्यासाठीं कदाचित् तिसऱ्याच कोणा मुलाच्या हिशेबांत फरक पडला असता. संगणक जोड्या लावीत असला तरी तो तक्त्यावर लिहिलेलेंच खरें मानणार; खुर्चींत कोण बसलें होतें हें त्यास कोणीं तरी सांगावें लागतें.

आतां बहिणीच्या प्रश्नाकडे येऊं. आठव्या खेळीस चूक दिसली आणि खेळाडू दहाव्या खेळीपर्यंत मुकाट्यानें बसला, तर नियम काय करील? बहुधा कांहींच करणार नाहीं. पंचास पट दिसतो, घड्याळ दिसतें, नोंदपत्रक दिसतें. मुलाच्या मनांत काय चाललें आहे हें त्यास दिसत नाहीं. दहाव्या खेळीच्या अलीकडची ती लहानशी जागा नियमानें खेळाडूच्या सचोटीवर सोडलेली आहे. मेहुण्यांनीं विचारलेला न्याय पंचानें पुरा केला. दोघांसही तक्त्यांत लिहिलेला रंग मिळाला. घोडा गेला तो भाच्याचा नव्हेच. ज्या डावांत तो हातीं आला असता, तो डाव त्याच्या वांट्यास आलेलाच नव्हता.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. समजा, घोडा भाच्याचाच बिनजोर राहिला असता आणि त्याच क्षणीं त्यास चूक दिसली असती. तेव्हां हात वर करणें त्याच्या फायद्याचें झालें असतें. तेंही त्यानें केलेंच पाहिजे होतें, आणि तें करण्यांत कांहीं लबाडी नव्हती. परंतु जो मुलगा हरत असतांच हात वर करितो आणि जिंकत असतां खालीं ठेवितो, त्याच्या हातावर पुढें कोणी विश्वास ठेवणार नाहीं. म्हणून मुलांस शिकवावयाची गोष्ट एकच: चूक दिसली कीं पटाकडे न पाहतां हात वर करावा. दहावी खेळी उलटून गेली असली तरीसुद्धां पंचांस सांगावें. डाव चालूच राहील, पण नोंद तरी खरी होईल.

जातां जातां व्यवहाराच्या चार गोष्टी पालकांसाठीं सांगून ठेवतों. मुलास वेळेवर पोंचवावें. आमचा दोष आम्हीं वर कबूल केलाच आहे. तक्त्यावरून टेबलाचा क्रमांक, प्रतिस्पर्ध्याचें नांव व रंग या तिन्ही गोष्टी त्यानें स्वतः वाचाव्या आणि घड्याळ सुरू होण्यापूर्वीं नोंदपत्रकाशीं ताडून पाहाव्या. मोहरीं उलट दिसलीं तर दोघांनीं आपसांत समजूत करून खेळूं नये किंवा पट फिरवूं नये, पंचांस बोलवावें. आणि डाव संपल्यावर निकाल लिहितांना विशेष जपावें. उलट रंगांनीं डाव झाला असेल, तर नुसतें '१-०' लिहिल्यानें जिंकलेल्याचा गुण हरलेल्याच्या नांवावर जाऊं शकतो. तसें झालेंच तर तें त्याच दिवशीं, पुढील फेरीच्या जोड्या लागण्यापूर्वीं सांगावें. कारण एकदां जोड्या लागल्या कीं झालेली सुधारणा पुढच्याच हिशेबांत धरली जाते.

राहतां राहिली बहिणीची हळहळ. ती स्वाभाविक होती, आणि एका गुणाचें नुकसान झालें हेंही खोटें नाहीं. त्या गुणानें भाचा स्पर्धेंत बराच खालीं गेला. परंतु चौथ्या दिवशीं सकाळीं आम्ही त्यास वेळेवर घेऊन गेलों तेव्हां आदल्या दिवशींचा तो प्रतिस्पर्धी मुलगा तक्त्याजवळ उभा होता. त्यानें आमच्या भाच्याचें टेबल आधींच पाहून ठेविलें होतें. "तुझीं काळीं आहेत," तो म्हणाला, "आणि आज सगळ्या रांगा नीट मांडल्या आहेत. मीं आंत जाऊन बघितलें." मग दोघे बरोबरच आंत गेले. संध्याकाळीं आम्हीं बहिणीस हें सांगितलें, तेव्हां ती कांहीं बोलली नाहीं. पण सुटी संपण्यापूर्वीं त्या मुलास एक दिवस जेवावयास बोलवावयाचें तिनें आपण होऊन ठरविलें.